दुधाची दाढ

२ मार्च

ताई,

नमस्कार करते आणि लगेच तक्रारीवर येते, कारण दुकानात परत जायला अर्धाच तास उरलाय आणि तीन पँटी खालून दुमडायच्या राहिल्यात. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून पत्र. नाहीतर आत्ता तुमच्याशी बोलताना रडलेच असते.

आपली मुंगी लपून गोड खाते आहे.

मला तरी दुसरं काही सुचत नाही. तीन आठवडे झाले, सकाळी बोट टोचून बघावं तर साखर कधी अडीचशे, कधी दोनशे ऐंशी. सोमवारी तर तीनशे दहा! मधुमेह निघाला त्याला दोन वर्षं झाली. पहिला महिना सोडला तर असले आकडे आपण कधी पाहिले नव्हते. साखरेच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी इन्सुलिन थोडं वाढवून दिलं आणि विचारलं, ताप आहे का, कुठे जखम आहे का, काही दुखतंय का? मी तिला विचारलं. म्हणाली, काही नाही. मग उरतं काय? ताट मी मोजून वाढते. इंजेक्शन मी देते. दिवसभर दुकानात लोकांच्या कंबरा मापायच्या आणि घरी येऊन पोरीचा घास मापायचा, असं माझं चाललंय.

त्यात शाळेच्या डब्यातलं सफरचंद रोज अख्खं परत येतं. विचारलं तर म्हणते भूक नव्हती. अहो, आठ वर्षांच्या पोरीला दुपारी एक वाजता भूक नसते? पोट कशाने तरी भरलेलं असणार ना! परवा मी खाऊच्या कपाटाला कुलूप लावलं. ती शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "मी नाही खाल्लं." मी म्हटलं, "आकडा खोटं बोलत नाही, तू बोलतेस." खोटारडी म्हणाले तिला, ताई. तेव्हापासून माझ्याशी फक्त हो आणि नाही.

तुमच्या भावाला सांगून उपयोग नाही. कुठल्याही इमारतीत लिफ्टमध्ये कोणी अडकलं की हे पाना घेऊन पळाले. घरात मी अडकलेय ते त्यांना दिसत नाही. म्हणतात, लहान आहे, होतं असं. होतं असं म्हणजे काय? ही साखर अशीच राहिली तर पुढे डोळ्यांचं काय, किडनीचं काय, ते मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय आणि ते माझं तोंडपाठ आहे. मला फार भीती वाटते.

तुम्ही जरा तिचे कान उपटा. तुमचं ऐकते ती.

तुमची,
वहिनी

ता. क. हल्ली तिच्या तोंडालाही वास येतो. दात घासायचा कंटाळा, दुसरं काय! घासले की रक्त येतं म्हणते. आणि ती उजवीकडची खालची दाढ, काळा डाग पडलेली, जिच्याबद्दल गेल्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात की दुधाची आहे, पडेल आपोआप, ती काही अजून पडलेली नाही.


७ मार्च

वहिनीबाई,

पत्रावर पांढरी बोटं उमटलीत त्याबद्दल रागावू नकोस. तुझं पाकीट मी प्लास्टरच्याच हाताने फोडलं, आणि उत्तरही त्याच हाताने लिहितेय. आज सकाळपासून एका निवृत्त हेडमास्तरांची कवळी घासतेय. तिसऱ्यांदा परत आली. म्हणतात, ही लावून हसलो की आरशात दुसराच माणूस दिसतो. मी निरोप पाठवला की मग हसू नका.

आता मुंगीचं. अगं, मला राग कमी आणि कीव जास्त आली. वर्गातली सगळी पोरं वाढदिवसाचा केक खाणार आणि हिने तो नुसता बघायचा. मोह होणारच. मी तिच्या वयात दुधाची पावडर डब्यात तोंड घालून खायचे. तुझ्या सासूबाई विचारायच्या तेव्हा माझ्या भुवयांवर पावडर असायची आणि मी तोंड वर करून म्हणायचे, मी नाही! पण माझ्या पावडरीने कुणाचं काही बिघडत नव्हतं, हिच्या खाण्याने हिचंच बिघडतंय. तेव्हा तू म्हणतेस तसं लिहिते तिला. जरा दटावते.

मात्र खोटारडी हा शब्द पुन्हा तोंडातून काढू नकोस. रागावलीस तर रागाव, दोन दिवस अबोला धर, पण असली नावं ठेवू नकोस. पोरं ती विसरत नाहीत.

आणि दाढेचं मनावर घेऊ नकोस. दुधाच्या दाताचा कसला घोर करतेस? तो पडायलाच आलेला असतो. चाळीस वर्षं मी दातांत काढली, एवढं तरी माझं ऐक.

भावाला सांग, आता मीही लिफ्टमध्ये अडकून बसू का, म्हणजे भेटायला येशील.

तुझी,
ताई


७ मार्च

मुंगे,

वाढदिवसाला दोन आठवडे उरले, म्हणून आपलं मेण पाठवतेय. गुलाबी आहे या वेळी, तुला आवडतं तसं. कृती तुला पाठ आहे, तरी सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. कोमट पाण्यात मऊ होईपर्यंत बुडवायचं. गरम पाण्यात नाही! मागच्या वेळी तू त्याचा चिखल करून पाठवला होतास. मग तोंडात धरून कच्चकन चावायचं, अंगठ्याने बाहेरून दाबायचं म्हणजे हिरडीची कडही उमटते, आणि थंड झालं की डबीत घालून आत्याला पाठवायचं. तू तीन वर्षांची असल्यापासूनचे तुझे सहा जबडे माझ्या फळीवर ओळीने बसलेत. येणारी गिऱ्हाइकं विचारतात, या कुणाच्या कवळ्या? मी सांगते, माझ्या भाचीच्या, आणि तिला अजून लागायच्या नाहीत.

आता दुसरी गोष्ट. आईचं पत्र आलं. तिचा जीव तुझ्यापायी टांगणीला लागलाय. तुला एखादं चॉकलेट खावंसं वाटलं तर त्यात लाज नाही गं. वाटतंच. पण खाल्लं तर सांगायचं, म्हणजे आईला तेवढं इन्सुलिन देता येतं. लपवलंस तर तिला कसं कळणार? आत्याची शहाणी मुंगी ना तू? मग आईपाशी जा आणि एकदा सांगून टाक. ती ओरडेल, ओरडू दे. पाच मिनिटांत संपेल.

तुझी,
आत्या


१५ मार्च

आत्या,

मेण पोचलं. चावून पाठवलं आहे. पाणी कोमटच होतं.

मी खाल्लं नाही. मी आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, आता तुला सांगते. तुला पण खरं वाटलं नाही. तू माझ्या बाजूची असशील असं मला वाटलं होतं.

सफरचंद मी खात नाही कारण मला ते आवडत नाही आता. केळं आवडतं. पण केळ्यात जास्त साखर असते म्हणून आई अर्धंच देते.

वाढदिवसाला वर्गात मी पेन्सिली वाटणार आहे. बाईंनी विचारलं तुला वाईट नाही ना वाटत. मी नाही म्हणाले. मला सगळे सारखं काहीतरी विचारतात आणि मी नाही म्हटलं की त्यांना बरं वाटतं. फक्त आईला बरं वाटत नाही.

पत्र छोटं आहे कारण हात दुखतो.

मुंगी


२१ मार्च

वहिनी,

हे पत्र हातात पडेल त्याआधी तुला आमच्या डॉक्टरीणबाईंचा फोन येऊन गेलेला असेल. मी ज्यांच्यासाठी कवळ्या करते त्याच या. मी स्वतः फोन करणार होते, पण मी इकडून ओरडले असते, तू तिकडून घाबरली असतीस, आणि दोघींनाही कळलं नसतं काही. म्हणून त्यांना गळ घातली. त्यांनी सांगितलं तसं पहिल्या दिवशी, पहिल्या वेळेला मुंगीला दातांच्या डॉक्टरकडे ने. थांबू नकोस. दुकानातल्या पँटी जाऊ देत.

आता काय झालं ते सांगते. काल तिच्या मेणात प्लास्टर ओतलं. आज सकाळी जबडा बाहेर काढला आणि फळीवरच्या गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवला. डावी बाजू झकास, एकेक दात खोल रुतलेला. उजवीकडे मात्र नुसता ओरखडा. मला आधी वाटलं, रागाने वाकडं चावलंय कार्टीने. दुसऱ्या कामाला लागलेसुद्धा. मग हेडमास्तरांच्या कवळीचा ठसा घेतला हातात, तोही उजवीकडे असाच उथळ, आणि ते म्हणाले होते, बाई, या बाजूला दुखतं म्हणून मी चावतच नाही.

मी मुंगीचा जबडा उचलला. चष्मा बदलून पुन्हा पाहिलं. उजवीकडे खाली, शेवटून दुसऱ्या दाढेच्या मुळाशी, हिरडीवर वाटाण्याएवढा फुगवटा. प्लास्टरमध्ये अगदी स्वच्छ दिसतोय. गेल्या वर्षीच्या जबड्यात तिथे काही नाही. डॉक्टरीणबाईंनी बघितला आणि म्हणाल्या, हे गळू आहे, आत पू आहे, आणि एक दोन दिवसांचा नाही. मी म्हटलं, पोरीला मधुमेह आहे. तर म्हणाल्या, मग साखर चढलेलीच असणार! अंगात कुठेही असा पू धरला की साखर वर जाते, आणि साखर वर गेली की हिरड्या आणखी सुजतात, रक्त येतं, वास येतो. दोघं एकमेकांना वर ढकलत बसतात. मी तुझं पहिलं पत्र काढून वाचलं. रक्त, वास, काळी दाढ, न खाल्लेलं सफरचंद, सगळं तू लिहिलं होतंस. आणि मी काय उत्तर दिलं? पडेल म्हणे!

वहिनी, चाळीस वर्षं दातांत काढली म्हणून मी जी बढाई मारली ती कुणाच्या दातांत? ज्यांचे सगळे गेलेत त्यांच्या. दुधाचा दात मी कधी हातात धरला नाही. त्याला किडल्यावर काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. गेल्या वर्षी तू दाखवायला न्यायला निघाली होतीस, मीच तुला अडवलं. ही चूक माझी आहे आणि ती मी कुणाला वाटून देणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट विचारली. रात्री तिची साखर घसरते तेव्हा तू काय देतेस? मला आठवतं ते मी सांगितलं, की तू गजर लावून उठतेस, बोट टोचतेस, आणि कमी असली तर तिला उशीला टेकवून फळांचा रस पाजतेस, आणि ती तशीच गालात घोट धरून झोपते. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. दोन वर्षं तो गोड घोट त्या दाढेपाशी राहिला. आता हे वाचून कपाळावर हात मारून घेऊ नकोस! तू तो रस दिला नसतास तर आज पोर कुठे असती? रस द्यायचाच. साखर घसरली की आधी रस, बाकी सगळं नंतर. फक्त ती सावरली की वरून चूळ भरायला किंवा प्यायला साधं पाणी द्यायचं. एवढं एकच आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपणही विचारलं नव्हतं.

आणि ती गोड खात नव्हती गं. आपण दोघींनी उगाच छळलं लेकराला.

तुझी,
ताई


२१ मार्च

मुंगे,

आत्याचं चुकलं. मी तुला पत्र लिहिलं त्यातलं मेणाचं तेवढं ठेव आणि बाकीचं फाडून टाक.

तू खाल्लं नाहीस. मला ते आधी तुझ्या तोंडून ऐकूनच पटायला हवं होतं, मेणावरून नाही. याची मला लाज वाटते, आणि मोठ्या माणसांनाही लाज वाटते हे तुला कळलेलं बरं.

उजवीकडची दाढ दुखते ना? कधीपासून? हे मी आईला कळवलं आहे, तुला न विचारता कळवलं आहे, कारण हे गुपित ठेवण्यासारखं दुखणं नाही. रागावलीस तर चालेल. पण डॉक्टर विचारतील तेव्हा "काही नाही" म्हणू नकोस. तिथे खरं दुखतं तेवढं सांग, जरा वाढवून सांगितलंस तरी मी काही बोलणार नाही.

नऊ वर्षांची झालीस. अनेक आशीर्वाद आणि एक करकचून मिठी.

तुझी,
आत्या


३० मार्च

ताई,

झालं एकदाचं. आज जरा हातपाय पसरून बसलेय, म्हणून लिहिते.

तुमच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. सुई बोटात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही दवाखान्यात. इथल्या दातांच्या डॉक्टर तरुण आहेत, पण हुशार. त्यांनी मुद्दाम सकाळची वेळ दिली. घरून नेहमीसारखा नाश्ता आणि इन्सुलिन घेऊन या म्हणाल्या, उपाशी आणू नका. तिथे पुन्हा बोट टोचून बघितलं. साखरेच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या, औषध सुरू केलं, आणि तीन दिवसांनी दाढ काढली. फार पोखरली होती, वाचण्यासारखी नव्हती. मुंगीने माझा अंगठा धरला होता. अजून निळा आहे. ओठ बधिर होता तोवर काही चावू द्यायचं नव्हतं, म्हणून मी दुधाचा थर्मास घेऊन शेजारी बसून राहिले, साखर घसरली तर असावं हाताशी.

आणि ताई, आकडे! दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवशी दोनशे दहा. मग एकशे ऐंशी. काल सकाळी एकशे तीस. वाढवलेलं इन्सुलिन डॉक्टरांनी पुन्हा कमी करायला लावलं. मी साखर मोजायचं मशीन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मला आनंद झाला नाही. तुम्ही समजून घ्याल. प्रत्येक खाली येणारा आकडा मला सांगत होता की ती खरं बोलत होती.

डॉक्टरांनी तिला विचारलं, किती दिवस दुखतंय? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, दीड महिना. दीड महिना, ताई! डॉक्टर म्हणाल्या, मग आईला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "आईच्या वहीत आधीच खूप असतं." माझी ती आकड्यांची वही. तिला वाटलं, हे सांगितलं तर त्यात आणखी एक कप्पा होईल. माझ्यासाठी गप्प बसली होती ती, आणि मी तिला कुलूप दाखवत होते.

कुलूप काढलं मी. किल्ली कचऱ्यात टाकली. तुमचे बंधुराज म्हणाले, कुलूप तरी ठेवायचं, चांगलं होतं.

रस आणि पाण्याचं वाचलं. रडले थोडी. तुम्ही चूक सगळी तुमच्याकडे ओढून घेतलीत, पण डाग माझ्या डोळ्यांसमोर होता, तुमच्या नाही. दुधाचे दात म्हणून मीही बिनधास्त राहिले. तेव्हा निम्मी मला द्या.

पण आता पुढचं विचारते. मला तिची माफी मागायची आहे आणि जमत नाही. चार वेळा तिच्यापाशी जाऊन बसले. पहिल्यांदा म्हटलं, "माझं चुकलं, पण तू सांगायला हवं होतंस." दुसऱ्यांदा म्हटलं, "पण मी तरी काय करणार." तिसऱ्यांदा नुसतीच तिची वेणी घातली. चौथ्यांदा विचारलं, दात घासलेस का? तोंड उघडलं की माझी सूचनाच बाहेर पडते. घरात सगळ्या आयांचं असंच होतं की माझंच?

तुमची,
वहिनी


५ एप्रिल

वहिनीबाई,

सगळ्या आयांचं होतं. आत्यांचंही होतं. मी त्या पत्रात माफी मागितली आणि खाली मिठी जोडली, म्हणजे तिने फार रागावू नये. धूर्तपणाच तो.

तुला निम्मी चूक हवी तर घे बाई, भांडत नाही. माफीचं म्हणशील तर "पण" नको, आणि "म्हणून" पण नको. "माझं चुकलं" म्हणायचं आणि तिथे थांबायचं. थांबणं अवघड असतं. त्या वेळी हातात काहीतरी शिवण घे, म्हणजे तोंड बंद राहील. ती काय म्हणेल ते ऐकून घे. काहीच म्हणाली नाही तर तेही ऐकून घे.

दुसरं, कामाचं. तुमच्या तरुण डॉक्टरबाईंचं आमच्या डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालं. दुधाची दाढ वेळेआधी गेली की मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. दीड दोन वर्षांनी तो यायचा तेव्हा त्याला दारच बंद! म्हणून तिथे एक तार बसवायची, मागच्या दाढेला बारीक कडं आणि पुढे फास, जागा मोकळी राखायला. डॉक्टरबाईंनी रीतसर ठसा घेऊन पाठवलाय आणि तार मीच करतेय. म्हटलं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

अगं, काय सांगू तुला! नखाएवढी वस्तू, आणि तीन वेळा मोडली. इतकं लहान काम मी आयुष्यात केलं नव्हतं. माझ्याकडे येतं ते सगळं गेलेल्या दातांचं काम, आणि हे म्हणजे अजून न आलेल्या दाताचं. काल ती झाली तेव्हा मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर बाहेर बसले होते, त्यांना वाटलं त्यांची कवळी झाली.

तार बसली की तिथे नीट घासायचं, नाहीतर पुन्हा घाण अडकेल. ब्रश मऊ घे. रक्त आलं म्हणून ती बाजू सोडायची नाही, उलट हळूच पण रोज घासायची. आठवड्यात रक्त थांबेल. नाही थांबलं तर दाखवायचं. आणि दर सहा महिन्यांनी डॉक्टरबाईंकडे, दुखो न दुखो. या बाबतीत आता माझा सल्ला कधी विचारू नकोस, त्यांचा विचार.

साखरेच्या डॉक्टरांनाही दाढेचं सांगून ठेव. पुढच्या वेळी ते कुठे दुखतंय म्हणून विचारतील तेव्हा तोंड उघडूनही बघतील.

तुझी,
ताई


१८ एप्रिल

आत्या,

तार बसली. जिभेला सारखी लागते, मग मी तिच्याशी खेळते आणि डॉक्टर म्हणतात खेळू नकोस. त्यांना मी सांगितलं ही माझ्या आत्याने केली आहे. त्यांनी भिंग लावून बघितली आणि म्हणाल्या, हात चांगला आहे. मी म्हटलं, तिचे कान बिघडलेत, हात नाही.

रक्त आता येत नाही. सफरचंद आवडायला लागलं पुन्हा. रात्री रस प्यायला की आई पाण्याचा पेला धरते. मला झोप येत असते, तरी ती सोडत नाही. बाबा पण एकदा उठले होते, त्यांनी पाणी माझ्या अंगावर सांडलं.

आता मुख्य गोष्ट. मी तुझ्यावर रागावले होते. तुझं पत्र मी फाडलं नाही, पण मेणाचं वर ठेवून बाकीचं घडी करून आत ढकललं. आता राग गेला.

रविवारी आई माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या फ्रॉकला बटण लावत होती. तिने चार टाके घातले आणि म्हणाली, "माझं चुकलं." मी वाट बघितली पुढे काय म्हणते. ती काहीच म्हणाली नाही. बटण लावून झालं होतं तरी ती लावतच होती. खूप दोरा झाला त्या बटणाला.

मग मला एकदम रडू आलं. कारण आई खरं बोलली होती आणि मी नव्हते बोलले. तुला पण मी खरं सांगितलं नव्हतं. मी आईला म्हटलं, एकदा खाल्लं होतं. एकच. क्रीमचं बिस्कीट, मैत्रिणीच्या डब्यातलं. आईने विचारलं, कधी? मी म्हटलं, तू खोटारडी म्हणालीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याच्या आधी कधीच नाही खाल्लं. मला वाटलं, म्हणालीच आहे तर खाऊया. डाव्या बाजूने खाल्लं. चवच लागली नाही, तरी पूर्ण खाल्लं.

मला वाटलं आता ती ओरडणार. तिने दोरा दाताने तोडला, जे ती मला कधी करू देत नाही. मग माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "ते एक मी खाल्लं असं धर."

मी धरलं.

मुंगी